टायफॉइडची लस: साधी की संयुग्मित?

सव्वा वर्षाच्या मुलासाठी टायफॉइडची स्वस्त साधी लस घ्यावी की महाग संयुग्मित (प्रथिनाशी जोडलेली), अशा पेचात शेजारच्या वहिनी आहेत.

दोन्हींत जंतूच्या आवरणातील ‘व्हीआय’ शर्कराच असते; फरक प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) बनवणाऱ्या बी पेशी जाग्या होण्याच्या रीतीत आहे. साध्या लसीतील शर्करेची त्याच त्या कड्यांची लांब साखळी बी पेशीवरील अनेक ग्राहींना (जंतू ओळखणाऱ्या रेणूंना) एकदम जखडते आणि टी पेशींच्या, म्हणजे बी पेशींना साहाय्य करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींच्या, मदतीवाचून प्रतिपिंडे तयार होतात. मात्र जंतू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी फारशा उरत नाहीत, आणि दोन वर्षांखालील बाळांच्या बी पेशी अशा हाकेला नीट ओ देत नाहीत. संयुग्मित लसीत हीच शर्करा एखाद्या प्रथिनाला, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला, जोडलेली असते. बी पेशी ती जोडी गिळते, प्रथिनाचे तुकडे टी पेशीला दाखवते, आणि मग आयजीएम या सुरुवातीच्या प्रतिपिंडाकडून आयजीजी या नंतरच्या, टिकाऊ प्रतिपिंडाकडे वळण्याचे व प्रतिपिंडांची पकड घट्ट करण्याचे काम लसिका ग्रंथीत जोमाने सुरू होते.

टोचणे दोन्हींत एकदाच. परंतु साधी लस साधारण दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, तेव्हा स्वस्ताईचा हिशेब तिथेच डळमळतो. नवी मुंबई महापालिकेनेही 2018 मध्ये मुलांच्या मोहिमेसाठी संयुग्मितच निवडली.

वहिनींच्या बाळाला संयुग्मितच हवी, कारण साधी दोन वर्षांखाली देतच नाहीत; प्रवासापुरते संरक्षण हवे असलेल्या प्रौढाला साधी चालेल.