ब्रिटनमध्ये स्पीडिंगचं पत्र आलंय: कोर्स, पॉइंट की कोर्ट?

इंग्लंड-वेल्समध्ये कॅमेऱ्याने वेग टिपला की पहिली नोटीस गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे 14 दिवसांत पोचावी लागते. गाडी लीजची किंवा कंपनीची असेल तर ही मुदत कंपनीला जाणाऱ्या त्या पहिल्या पत्रालाच लागू. तुमच्या हाती ते महिन्याने पडलं म्हणून सुटका नाही. गाडी कोण चालवत होतं ते 28 दिवसांत कळवायचं. फॉर्म न भरल्यास लायसन्सवर 6 पॉइंट (गुन्ह्याबद्दल नोंदले जाणारे दंडगुण) आणि 1000 पौंडांपर्यंत दंड होतो, म्हणजे मूळ गुन्ह्याहून जास्त. आणि स्वतःचे पॉइंट वाचवायला बायकोचं नाव टाकू नका. असं करणारे तुरुंगात गेले आहेत.

यापुढचा मार्ग बराचसा वेगावर ठरतो. ताशी 30 मैलांच्या वेगमर्यादेच्या हद्दीत सर्वसाधारणपणे 35 ते 42 ला कोर्स (दंडाऐवजी वेगाबद्दलचा वर्ग), 49 पर्यंत फिक्स्ड पेनल्टी (ठरलेला दंड), 50 पासून थेट कोर्ट. मोटरवेवर, 70 च्या हद्दीत, हेच आकडे 79 ते 86, 95 आणि 96.

कोर्स देऊ केला असेल तर घ्या, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. फी भागानुसार बदलते, साधारण 80 ते 100 पौंड. ऑनलाइन अडीच-पावणेतीन तास बसायचं. पॉइंट नाही, दंड नाही, गुन्ह्याची नोंदही नाही. अट एकच: मागच्या 3 वर्षांत असा कोर्स केलेला नसावा. लोक फसतात ते किरकोळ कारणांनी. उशिरा लॉग-इन केलं, कॅमेरा बंद ठेवला, की कोर्स पूर्ण धरला जात नाही. इन्शुरन्सवाले सहसा कोर्सबद्दल विचारत नाहीत. विचारलंच तर खरं सांगा.

फिक्स्ड पेनल्टी म्हणजे 100 पौंड आणि 3 पॉइंट. खरा खर्च नंतर. पॉइंट लायसन्सवर 4 वर्षं दिसतात, पण विमा कंपन्या बहुधा 5 वर्षांचा इतिहास मागतात.

आपल्याकडून गेलेल्यांनी इथेच जपायला हवं. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून 12 महिने चालवता येतं, पण ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. त्यामुळे पुण्यात पंधरा वर्षं गाडी हाकलेला माणूसही पास झाल्यापासून 2 वर्षं नवा ड्रायव्हर. त्या काळात 6 पॉइंट झाले की लायसन्स रद्द. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स) काढून थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा. परीक्षेआधी मिळालेले पॉइंटही डीव्हीएलए या लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंदलेले असतात आणि मुदतीत असतील तर या हिशेबात येतात.

म्हणूनच ‘कोर्टात बघून घेऊ’ ही भाषा महागात पडते. 30 च्या हद्दीत 45 ने गेलात तर फिक्स्ड पेनल्टीत 3 पॉइंट. तेच प्रकरण कोर्टात हरलात तर मार्गदर्शक तत्त्वांनुसार 4 ते 6 पॉइंट किंवा 7 ते 28 दिवस बंदी, आणि दंडाची सुरुवात आठवड्याच्या कमाईएवढ्या रकमेपासून. अगदी खालच्या श्रेणीतही ती कमाईच्या निम्मी असते. हाती आठवड्याला 700 पौंड येत असतील तर या खालच्या श्रेणीत 350. लगेच गुन्हा कबूल केल्यास एक तृतीयांश सूट, म्हणजे 233. त्यावर 40 टक्के सरचार्ज 93, शिवाय खटल्याचा खर्च. शंभरात मिटणारं प्रकरण सव्वातीनशेच्या पुढे जातं.

कोर्ट निवडायचं ते ठोस मुद्दा हाती असेल तर: तुम्ही चालवत नव्हता, मालकाकडची नोटीस 14 दिवसांनंतर पोचली, किंवा वेगमर्यादेचा फलक नियमाप्रमाणे नव्हता.

आधीच 9 पॉइंट असतील तर मात्र निवड उरत नाही. कोर्स मिळाला नाही तर प्रकरण कोर्टातच जातं. 3 वर्षांत 12 पॉइंट झाले की किमान 6 महिने बंदी. ती टाळायला अपवादात्मक अडचण सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी ‘नोकरी जाईल’ एवढं म्हणणं सहसा पुरत नाही. नोकरी देणाऱ्याचं पत्र, कर्जाचे हप्ते, तुमच्या गाडीवर अवलंबून असलेल्या आजारी माणसाची कागदपत्रं, असं सगळं सोबत न्या.