ओशाची तपासणी-शोध सेवा: रुक्ष, फुकट आणि प्रेस शॉपवाल्यांनी बघावीच अशी

मी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, सेफ्टी ऑफिसर आहे. 'लोटो करा', म्हणजे हात घालण्याआधी मशीनची वीज तोडून कुलूप आणि टॅग लावा, म्हटलं की प्रॉडक्शनवाले घड्याळाकडे बघतात, अशा ठिकाणी. माझ्यासारख्याला अमेरिकेच्या ओशाची, म्हणजे तिथल्या कामगार खात्यातल्या सुरक्षा विभागाची, ही साइट फार कामाची आहे.

पैसे नाहीत, लॉगिन नाही. कंपनीचं नाव टाकायचं, राज्य आणि तारखा निवडायच्या, की तिथे झालेल्या तपासण्यांची यादी येते. तक्रारीवरून झाली, अपघातानंतर झाली की आधीच ठरलेली होती, तेही लिहिलेलं असतं. एखादी नोंद उघडली की खरा माल दिसतो: कुठलं कलम मोडलं, उल्लंघन 'गंभीर', 'जाणूनबुजून' की 'पुन्हा केलेलं', दुरुस्तीची मुदत किती, आणि दंडाचे दोन आकडे. एक सुरुवातीचा, एक सध्याचा.

हे दोन आकडे शेजारी ठेवलेत, त्याचा एक स्टार मी वेगळा देईन. बातमीत येतो तो पहिला. टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत २००५ मध्ये स्फोट होऊन १५ माणसं गेली. त्याच वर्षी २.१३ कोटी डॉलरचा दंड बसला. कबूल केलेल्या दुरुस्त्या झाल्या नाहीत म्हणून २००९ मध्ये आणखी ८.७४ कोटी सुनावले. मग तडजोडी सुरू, आणि २०१० मध्ये कंपनीने त्यापोटी ५.०६ कोटी भरायचं मान्य केलं. तेव्हा मॅनेजमेंटपुढे पहिलाच आकडा सांगून मोकळे होऊ नका. समोरचा हुशार असेल तर दुसरा काढून दाखवेल.

माझ्या ट्रेनिंगमध्ये कायम असते ती अलाबामातल्या कसेटाची केस. अजिन यूएसए, ह्युंदाई-कियाला पार्ट देणारा कारखाना, म्हणजे आमचाच धंदा. जून २०१६. सेन्सरचा फॉल्ट आला, लाइन थांबली, माणसं रोबोट सेलमध्ये, म्हणजे रोबोटच्या कुंपणाच्या आत, शिरली. रोबोट अचानक चालू झाला आणि वीस वर्षांची एक मुलगी चिरडली गेली. एजन्सीमार्फत लागलेली, लग्न दोन आठवड्यांवर. ओशाने कंपनी आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या दोन एजन्सी मिळून सुमारे २५ लाख डॉलरचा दंड लावला. कंपनीवर २३ उल्लंघनं लागली, त्यातली काही जाणूनबुजून केलेली. २०२० मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला: ५ लाख डॉलर दंड, शिवाय १० लाख डॉलर भरपाई. एजन्सीचं नाव आलं की आमची कॉन्ट्रॅक्टची पोरं मोबाइल खाली ठेवतात.

पुढचा प्रश्न ठरलेला: "साहेब, आपल्याकडे किती?" १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ९२ खाली दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये होती, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या संहितेत कामगाराचा जीव गेला तर दंड किमान ५ लाख, आणि त्यातली निम्मी तरी रक्कम वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. पण ओशाच्या २०२५ च्या दराने जाणूनबुजून केलेल्या एकाच उल्लंघनाला १,६५,५१४ डॉलरपर्यंत, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर. मृत्यू झालेला नसला तरी.

एक स्टार कापला तो वापरायला अवघड म्हणून. लोटोचं कलम १९१०.१४७ तिथे टिंबाशिवाय '१९१००१४७' असं दिसतं. कलमांची ओळख नसेल तर नुसते आकडे वाचत बसाल. कंपनीचं नावही एकाच प्रकारे टाकून थांबू नका. अजिनचं कायदेशीर नाव जून एलएलसी आहे, तेही टाकून बघा.

अपघातांचा शोध वेगळ्या पानावर आहे. तिथे 'पॉवर प्रेस' टाकून येणारे सारांश चार-सहा ओळींचे असतात. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बोलण्याला, रोज एक पुरतो. मी मराठीत करून नोटीस बोर्डावर लावतो.

पाचापैकी चार.