एनपीटीईएलचे व्यवस्थापन कोर्स: गोव्यातल्या तरुण आर्किटेक्टला कितपत उपयोगी?

पणजीच्या आल्तिनोवरच्या आर्किटेक्चर कॉलेजातून पाच वर्षं काढून बाहेर पडलेल्याला चिऱ्याची भिंत, उताराचं छप्पर, पावसाचं पाणी कुठून काढून द्यायचं हे सगळं येतं. ऑफिस एक तास उघडं ठेवायला किती रुपये लागतात, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. प्रोफेशनल प्रॅक्टिसचा विषय असतो, पण त्यात करार आणि निविदा जास्त, रोखीचा हिशेब कमी. मग एमबीएचा विचार डोक्यात येतो. साखळीजवळच्या जीआयएममध्ये (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) किंवा ताळगावच्या विद्यापीठात पूर्णवेळ एमबीए करायचं तर दोन वर्षं हातातली कामं दुसऱ्याकडे जाणार. ज्याला डिझाइन सोडायचं नाही, त्याच्यासाठी एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स हा मधला रस्ता आहे. तो कुठवर नेतो, ते पाहू.

आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून चालवलेले हे कोर्स स्वयम या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर असतात. नाव नोंदवणं आणि व्हिडिओ पाहणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षा, आणि तिचे एका कोर्सला १,००० रुपये. परीक्षा घरी बसून नाही, नेमून दिलेल्या केंद्रावर. गुणांची विभागणी २५ आणि ७५ अशी: दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्ही वेगवेगळे. इथेच बरेच जण आपटतात. ‘परीक्षेच्या आधी एकदम बसून करू’ म्हणणाऱ्याने परीक्षेत कितीही मारलं तरी असाइनमेंटचे १० नसतील तर प्रमाणपत्र नाही. दुसरी नेहमीची चूक: कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेलाही नोंदलं गेलं, असं धरून चालणं. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याची मुदत कोर्स चालू असतानाच संपते, आणि त्यात जसं नाव लिहाल तसंच ते प्रमाणपत्रावर छापलं जातं.

वर्षात दोन सत्रं, जानेवारीचं आणि जुलैचं. गोव्यात काम करणाऱ्याने डोळे मिटून जुलैचं घ्यावं. जानेवारीच्या सत्रात मार्च अखेरचे हिशेब येतात, आणि त्याच वेळी पावसाआधी स्लॅब किंवा छप्पर उरकण्यासाठी साइटवर धावपळ असते. परीक्षा एप्रिलमध्ये, म्हणजे नेमकी वाईट वेळ. जुलैत साइट थंड, ऑफिसात ड्रॉइंगचं काम, संध्याकाळी दीड तास सुटतो. अडथळा एकच, चवथ (गणेश चतुर्थी). असाइनमेंटची मुदत चवथीसाठी थांबत नाही. पण बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी उत्तम आठच धरतात, त्यामुळे चवथीचा एक आठवडा आणि वीज गेलेला एक आठवडा सोडूनही दोन हातात राहतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये आठपैकी सहा धरतात, चारच्या कोर्समध्ये चारपैकी तीन. छोटा कोर्स सोपा वाटतो खरा, पण चुकायला जागा त्यात कमी.

आता कोर्सची निवड. पहिला आयआयटी मुंबईचा फायनान्शियल अकाउंटिंग. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचता येणं ही पायाभरणी आहे, ती टाळून पुढे जाऊ नये. त्यानंतर मॅनेजमेंट अकाउंटिंग, आणि खरा माल इथेच आहे. स्थिर खर्च, बदलता खर्च, ना-नफा-ना-तोटा बिंदू, कामागणिक खर्चाची वाटणी. उदाहरणं मात्र कारखान्यांची: यंत्र, कच्चा माल, नगांची संख्या. आर्किटेक्टने यंत्राच्या जागी माणूस आणि नगाच्या जागी तास धरायचा, की सगळं जुळतं.

समजा म्हापशात दोघांचं ऑफिस आहे. भाडं १५,०००, ज्युनियरचा पगार २५,०००, सॉफ्टवेअर-वीज-नेट १०,००० आणि मालकाने स्वतःसाठी धरलेले ४०,०००, मिळून महिन्याला ९०,०००. दोन माणसं, २२ दिवस, रोज ८ तास म्हणजे ३५२ तास. पण फोन, सरकारी ऑफिसातल्या फेऱ्या, प्रिंट, चुकलेले दिवस वजा जाता बिलात धरण्याजोगे ६० टक्के, म्हणजे २११ तास. एका तासाला सुमारे ४२७ रुपये नुसता खर्च, नफा अजून धरलेलाच नाही. बहुतेक जण स्वतःचे ४०,००० यात धरत नाहीत आणि दर स्वस्त निघाला म्हणून खूश होतात. तिथेच पुढच्या वर्षाचा घोटाळा पेरला जातो.

त्याच ऑफिसला १ कोटी २० लाखांच्या गेस्टहाउसचं काम ५ टक्के फीवर मिळालं तर फी ६ लाख, म्हणजे १,४०५ तासांचा खर्च भागेल इतकी. काम २,००० तासांवर गेलं तर ऑफिसचा खर्च ८ लाख ५४ हजार होतो आणि अडीच लाख खिशातून जातात. तास कुठे जातात? दर्शनी भागाच्या तिसऱ्या बदलात, आणि गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणच्या साइटवर जाऊन-येऊन गेलेल्या दिवसात. तो एक दिवस पेट्रोल न धरता ३,४१६ रुपयांचा. म्हणून करारात किती फेऱ्या आणि किती बदल फीमध्ये बसतात हे आकड्यात लिहावं, पुढच्याला वेगळा दर लावावा.

जे कोर्समध्ये मिळत नाही ते म्हणजे कर. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आर्किटेक्टच्या सेवेवर दर १८ टक्के. वरच्या ६ लाखांवर १ लाख ८ हजार जीएसटी. ग्राहक कंपनी असेल तर मूळ फीवर १० टक्के, म्हणजे ६०,००० टीडीएस (आगाऊ आयकर) कापेल. खात्यात ६ लाख ४८ हजार येतात, पण त्यातले १ लाख ८ हजार सरकारचे, वापरायला उरतात ५ लाख ४० हजार. बँकेतली रक्कम बघून नवा लॅपटॉप घेणारे जीएसटी भरायच्या तारखेला उधार मागतात. आयकरात आर्किटेक्टला जमेच्या निम्मं उत्पन्न धरून कर भरायची सोय आहे, ५० लाखांच्या जमेपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत). हे चार्टर्ड अकाउंटंटकडून समजून घ्यावं, व्हिडिओतून नव्हे.

रोखीच्या प्रवाहाचा धडा गोव्यात तर दोनदा ऐकावा. सनद (जमिनीचा वापर बदलायची परवानगी), टीसीपीची म्हणजे नगरनियोजन खात्याची मंजुरी, पंचायतीचा परवाना या वाटेवर फाइल कुठे बसेल ते कोणाच्या हाती नसतं. फीचा मोठा हप्ता ‘परवाना मिळाल्यावर’ असा लिहिला असेल तर फाइलीबरोबर पगारही अडकतो. ‘नकाशे दाखल केल्यावर’ असं लिहायचं. काम झालेलं असतं, ग्राहकाला ते पटवून देता येतं.

आयआयटी रुडकीचा प्रोजेक्ट मॅनेजमेंट फॉर मॅनेजर्स हा तिसरा. त्यातलं पर्ट-सीपीएम (कामांचा क्रम आणि वेळ आखायच्या पद्धती) साइटसाठी लगेच कामाला येतं. मेअखेरची तारीख पक्की धरून मागे मोजत यायचं: कौलं, त्याआधी छपराचं लाकूड, त्याआधी चिऱ्याचं बांधकाम. छप्पर चुकलं तर आतलं प्लास्टर पावसाळाभर लटकतं. एनपीव्ही (पुढे येणाऱ्या पैशाची आजची निव्वळ किंमत) आणि परताव्याचा भाग स्वतःपेक्षा गेस्टहाउसवाल्या ग्राहकाशी बोलताना उपयोगी.

मार्केटिंगचे कोर्स मागे ठेवावेत. वाईट आहेत म्हणून नाही. ते साबण आणि मोबाइल विकणाऱ्याचे आहेत. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ खालची १९८९ची व्यावसायिक आचरण नियमावली जाहिरातीवर बंधनं घालते, काम मिळवण्यासाठी कमिशन देण्याघेण्यालाही मनाई करते. पहिल्या कामावर सूट, ओळख आणणाऱ्याला टक्का ही मार्केटिंगमधली युक्ती इथे आर्किटेक्टच्या नोंदणीवर बेतू शकते.

प्रमाणपत्राचं वजन बेताचंच. ४० ते ५९ गुणांना साधं, ६० पासून एलिट, ७५ ला सिल्व्हर, ९० ला गोल्ड. मोठ्या फर्ममध्ये अर्जाला शोभा येते, एमबीएच्या जागी ते चालत नाही. असाइनमेंट बहुतेक पर्यायी उत्तरांच्या असल्याने समजल्याशिवायही गुण मिळतात. त्यावर उपाय असा: दर आठवड्याची असाइनमेंट झाली की तोच हिशेब आपल्या चालू कामाचे आकडे घालून एक्सेलमध्ये मांडायचा. बारा आठवड्यांनंतर ती फाइल हातात राहते, आणि पुढचं कोटेशन तिच्यावरूनच काढायचं.