जास्वंद: गावठी की हायब्रिड?

गणपतीला रोज लाल फूल हवं, केसांच्या तेलासाठी पाकळ्या हव्यात, तर गावठीच लावा. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी तिरकी छाटून खोचली की महिना-दीड महिन्यात मुळं धरते.

हायब्रिडचं फूल मोठं, रंग देखणे, काही जातींत दोन दिवस टिकणारं. पण लाड फार. बरीच रोपं गावठी खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या रोपावर, कलम केलेली असतात. कलमाखालून फुटलेला धुमारा लगेच काढा, नाहीतर खुंटच वाढतो आणि वर्षभरात साधी लाल फुलं दिसू लागतात.

पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) दोन्हींना छळतो: लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, फवारणी संध्याकाळी. कळ्या गळल्या तर आधी पाण्याची अनियमितता तपासा. जागा एकच असेल तर गावठी.