रेल्वेचं कॅन्सर पेशंट कन्सेशन : कणकवली ते दादर, आठ केमोंनंतरचा रिव्ह्यू

हॉटेलांचे आणि मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी रेल्वेच्या एका सवलतीचा टाकतोय, कारण आम्हाला ती कळली तेव्हा काही पैसे आधीच गेले होते.

आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं, मुंबईला टाटा हॉस्पिटलात दाखवायचं ठरलं. पहिल्या वेळी बाजारपेठेतल्या एका एजंटकडे गेलो, पेशंटसाठी काही सवलत आहे का विचारलं, तर म्हणाला तसलं काय नसतं आता, कोविडनंतर सगळं बंद, आणि तत्काळची दोन तिकिटं काढून वर स्वतःचे पैसे घेऊन मोकळा झाला. आता खरं काय ते सांगतो. मार्च २०२० पासून बंद आहे ती सीनियर सिटिझनची सवलत. पेशंटची चालू आहे. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला मूळ भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ह्याच दोन क्लासना ७५ टक्के. सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला पेशंटला ७५, सेकंड एसीला ५० टक्के. रिझर्वेशन चार्ज वगैरे किरकोळ भरावं लागतं. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं, कारण बाकी प्रत्येक ठिकाणी तहसीलदाराची सही आणि रेशनकार्डाची झेरॉक्स देऊन देऊन आम्ही दमलो होतो.

फॉर्म हॉस्पिटलातनंच मिळतो, ठरलेल्या नमुन्यात, डॉक्टरची सही आणि शिक्का हवा. म्हणजे पहिली खेप बहुतेकांना पदरच्या पैशानेच करावी लागते, त्याला इलाज नाही, पण त्याच खेपेला परतीचा आणि पुढच्या वेळचा फॉर्म मागून घ्या. आम्ही काय केलं, फॉर्म घेतला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि आठ दिवसांनी काउंटरवर दिला तर 'कुठून कुठे' ची जागा कोरी! क्लार्कने परत केला, आणि चूक त्याची नव्हती, आमचीच, वाचायला नको? त्या खेपेला परत पूर्ण भाडं.

आईला तर विश्वासच बसेना. "फुकट कसला, टीसी धरतलो मगे," म्हणाली. पहिल्या वेळी रत्नागिरी येईपर्यंत पर्स छातीशी धरून जागी, टीसी आला, तिकीट बघितलं, "आजी, पाणी वगैरे आहे ना?" विचारून पुढे गेला. मग झोपली.

आमची तुतारी एक्स्प्रेस ठरलेली. संध्याकाळी कणकवलीला चढायचं, सकाळी दादर, तिथून टॅक्सीने परळ. केमो झाल्यावर परत येताना मात्र थर्ड एसीच घ्या असं माझं मत, पेशंटला तसाही मूळ भाड्यात फरक पडत नाही आणि स्लीपरमध्ये रात्री जी गर्दी चढते त्यात पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या माणसाला बसवणं बरं नाही. एसटीला पण कॅन्सर पेशंटला ७५ टक्के सवलत आहे, एकदा तीही करून बघितली, पण मुंबई-गोवा हायवेवर उलटीची पिशवी हातात धरून केलेला तो प्रवास आई अजून काढते, त्यामुळे आमच्याकडून एसटीला पैशाचे पूर्ण मार्क आणि कमरेचे शून्य.

स्टार कुठे कापले ते सांगतो. आमची तिकिटं ऑनलाइन निघाली नाहीत, दर वेळी काउंटरलाच जावं लागलं. तत्काळला सवलत नाही. आणि आता रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, केमो असते २१ दिवसांनी, त्यातही ब्लड रिपोर्टमध्ये काउंट कमी आले की तारीख पुढे ढकलली. आमची केमोची पाचवी सायकल नेमकी चतुर्थीच्या आठवड्यात आली. गावात चाकरमानी येतायत आणि आम्ही उलट्या दिशेने मुंबईला, जाताना गाडी रिकामी मिळाली पण येताना वेटिंग १४०! भाडं माफ असून काय उपयोग, बसायला जागा नको? शेवटी मामाची गाडी काढली, त्या एका खेपेत वाचवलेलं सगळं पेट्रोलमध्ये गेलं.

तरी हिशोब मांडला. ८ सायकल, दोघं माणसं, जाऊन येऊन हिशोबाने ३२ तिकिटं, एसटी आणि मामाची गाडी सोडली तर बहुतेक कन्सेशनवर. उपचार सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसले (चौकशीला १५५३८८), पण योजना चालू असली तरी टॅक्सी, नारळपाणी, खोली, बुडालेले पगार हे कुणी देत नाही, त्यात तिकिटाचा एवढा भाग वाचला तर घरातल्याला जाणवतं. आम्ही मावशीकडे डोंबिवलीला राहायचो, गाडीत भेटलेले रत्नागिरीचे एक काका दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होते, बऱ्याच टिपा त्यांच्याकडूनच मिळाल्या. चिपळूणकडच्या लोकांनी आधी डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलमध्ये विचारून बघा, तिथे कॅन्सरचे उपचार होतात, दर वेळी मुंबई गाठायची गरज आहे का ते डॉक्टरांनाच विचारा.

पाचपैकी चार स्टार. फॉर्मची झेरॉक्स आणि हॉस्पिटलचं कार्ड प्रवासात जवळ ठेवा, आम्हाला दोनदा विचारलं.

सवलत चेकअपलाही चालते. आईचा पुढचा दिवाळीनंतर आहे. ह्या वेळी फॉर्म घेताना कणकवली आणि दादर लिहिलंय का ते तिने स्वतः चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं, मागे लाइन थांबली होती तरी.