सोनं घेऊ की चांदी? दोन वर्षांवर लग्न असलेल्यांसाठी

उसाचं बिल जमा झालं की आमच्याकडं हा विषय निघतोच, यंदा खानापूरकडच्या चुलतभावानं फोन करून सरळच विचारलं, दोन लाख हायत, पोरीचं लग्न दोन वर्षांनी, गल्लीत सगळे चांदी घ्या म्हणालेत, मी काय करू? त्याला जे सांगितलं तेच लिहितोय.

आधी चांदी, कारण सगळ्यांचं मन तिकडंच ओढालंय. चांदीचा निम्म्याहून जास्त खप कारखान्यांत होतो, सोलार पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स, गाड्या. आणि बरीचशी चांदी तांबं, जस्त, शिसं काढताना सोबत निघते, त्यामुळं दर वाढला म्हणून खाणीतनं लगेच जास्त माल येत नाही. तेजीचं हे कारण खरं हाय. पण कारखाने मंदावले की हीच चांदी जोरात आपटते, आणि दर फार चढला की पॅनेलवाले चांदी कमी वापरून तांब्याकडं वळतात. 2011 मध्ये ती औंसाला (साधारण 31 ग्रॅम) जवळपास 50 डॉलरला टेकली होती, मार्च 2020 मध्ये 12 च्या खाली, आणि परत 50 ओलांडायला ऑक्टोबर 2025 उजाडलं. चौदा वर्षं की ओ! रुपया घसरत गेला म्हणून आपल्याकडं मार थोडा कमी बसला एवढंच.

सोनं पण पडतं, ते पडतच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2011 ते 2015 मध्ये डॉलरमध्ये जवळजवळ 45 टक्के खाली आलेलं. पण त्याच्यामागं देशोदेशीच्या सेंट्रल बँका हायत, 2022, 2023, 2024 तिन्ही वर्षी त्यांनी 1000 टनांहून जास्त सोनं घेतलं, चांदीला असा मोठा गिऱ्हाईक नाही. म्हणून पुढं दर कुठं जाईल यापेक्षा, नेमकं लग्नाच्या महिन्यात दर पडलेला असला तर चालेल का, हे आधी स्वतःला विचारा. दोन वर्षांत पैसे लागणार असतील तर चांदीवर सगळा भार टाकू नका, मला तर भीतीच वाटते.

आता आपल्या भागातली खरी गडबड. चांदीच्या दागिन्यांचं गाव हुपरी आपल्याला जवळ, पैंजण घरोघरी, त्यामुळं पैंजण म्हणजेच चांदीतली गुंतवणूक असं लोक धरून चालतात. आमच्या आईचे जुने पैंजण मोडीत घातले तेव्हा टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, 60 टक्क्यांच्या घरात निघाला, घेताना मजुरी दिलेली ती गेलीच, आई त्या दिवशी गप्पच बसली होती. सोन्याच्या दागिन्याला 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर, लागतो, चांदीला तो 1 सप्टेंबर 2025 पासून आला पण सक्तीचा नाही, म्हणजे विचारून घ्यावा लागतो. 3 टक्के जीएसटी दोन्हीला सारखाच.

चांदी घ्यायचीच असेल आणि डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) असेल तर सिल्व्हर ईटीएफ घ्या, म्हणजे चांदीच्या दरावर चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड, टंचाची भानगड नाही, काळी पडत नाही, कपाट भरत नाही. वर्षानंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के टॅक्स, घरातल्या सोन्या-चांदीला हाच टॅक्स दर लागायला दोन वर्षं थांबावं लागतं. सरकारी गोल्ड बॉण्ड विचारालेत बरेच जण, पण फेब्रुवारी 2024 नंतर नवीन निघालेलेच नाहीत, शेअर बाजारातनं दुसऱ्याचे घ्यावे लागतात.

भावाला सांगितलं, दीड लाखाचं सोनं, तेही एकदम नको, चार-पाच वेळा थोडं थोडं, वेढणी किंवा नाणं, ठुशी-बोरमाळ लग्नाच्या आधी तीन महिने करायला टाक म्हणजे आजच मजुरी जाणार नाही. तीस हजार चांदीच्या ईटीएफमध्ये, ते लग्नाच्या हिशोबात धरायचेच नाहीत. उरलेले वीस बँकेत राहू दे, मांडववाला उधार थांबत नाही.