रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान संग्रहालयाचे डिजिटल खडक-दालन

काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले दगड आणि त्यांखालच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या यांपुढे सहसा कोणी फार वेळ थांबत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान संग्रहालयाने खडक व खनिजांच्या दालनात टचस्क्रीन बसवून यावर उपाय शोधला आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते हे पडदे उत्तम दाखवतात. जे हाताला सहज कळते, ते मात्र त्यांनी उगाच अवघड करून ठेवले आहे.

दालनातील सर्वांत सरस गोष्ट म्हणजे आभासी सूक्ष्मदर्शक. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टचा सुमारे 0.03 मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात पडद्यावर दिसतो आणि त्याखालची तबकडी बोटाने फिरवता येते. ती फिरवताच प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या करड्या पट्ट्या आळीपाळीने उजळतात व विझतात, ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे कण पिवळे, निळे, नारिंगी होतात, आणि ज्यातून प्रकाश आरपार जातच नाही असे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण काळेच राहतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील हे स्फटिक इतके बारीक का राहिले, हेही तेथेच समजते: रस लवकर थंड झाला, त्यामुळे त्यांना वाढायला पुरेसा वेळ मिळाला नाही. शाळेतील मुलांना शिक्षकांनी निदान हा एक पडदा तरी निवांतपणे हाताळू द्यावा.

जांभ्याचे सादरीकरणही चांगले आहे. पावसाची पट्टी सरकवत गेले की मूळ खडकातील सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. ज्यांची घरे चिऱ्यांची आहेत अशा प्रेक्षकांना हे दाखवायलाच हवे होते. मात्र पाण्याचा निचरा आणि ओल्या-कोरड्या ऋतूंची आलटापालट यांचा उल्लेख नसल्याने, नुसत्या पावसाने जांभा तयार होतो असा समज होण्याची भीती वाटते.

खरी निराशा होते ती काठिण्याच्या खेळात. पडद्यावरचे क्वार्ट्झ कॅल्साइटवर ओढले की एक रेघ उमटते आणि गुण मिळतात. अस्सल नमुने शेजारीच कुलपात! शिवाय फ्रीडरिख मोस यांनी 1812 मध्ये मांडलेली काठिण्याची दहा पायऱ्यांची श्रेणी कोणते खनिज कोणावर ओरखडा उठवते एवढा केवळ क्रम सांगते. कोरंडम (9) आणि हिरा (10) यांच्यातील तफावत इतर कोणत्याही दोन लगतच्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी असताना, खेळात दहाही पायऱ्या सारख्याच उंचीच्या काढल्या आहेत. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो आणि कॅल्साइटवर उठत नाही, हे कळायला दोन तुकडे पुरतात. हेमॅटाइट या करड्या-काळ्या लोहखनिजाने बिनचकाकीच्या चिनीमातीच्या फरशीवर तांबूस रेघ कशी उमटते, हेही तसेच. येथील किनाऱ्यावरची काळी वाळू बाटलीत भरून शेजारी एक लोहचुंबक ठेवला असता, तर मॅग्नेटाइटची ओळख करून देणारी ती लांबलचक चित्रफीत गाळता आली असती.

मराठी मजकूर शुद्ध आहे, अक्षरे मोठी आहेत आणि पडद्यांची उंची लहान मुलांना सोयीची आहे. तीन पडद्यांचे आवाज मात्र एकमेकांत मिसळतात. तेथे हेडफोन द्यायला हवेत. सूक्ष्मदर्शकाचा पडदा एकच असल्यामुळे सहलींच्या हंगामात दुपारी रांग लागते, तेव्हा सकाळी दार उघडताच जाणे बरे.